शांततेतला खोकला

"हा खोकला काढून टाकू?" संकलक ओवेनने विचारलं. केतकीने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

तिचा पहिलाच सिनेमा, तिच्या सोळाव्या वर्षावर बेतलेला, लीड्समधल्या तिच्याच घरी चित्रित झाला होता. प्रत्येक प्रसंगानंतर सगळे स्तब्ध उभे राहत आणि संकलनात संवादांमधल्या जागा भरायला खोलीतली शांतता ध्वनिमुद्रित होई. त्यात एकदा स्वयंपाकघरातून बाबा खोकले. "बाबा, अर्धं मिनिट गप्प राहवत नाही तुम्हाला?" ती सगळ्यांसमोर म्हणाली होती.

"चुकलं, डायरेक्टरबाई," बाबा हसले होते.

मार्चमध्ये बाबा वारले.

"राहू दे," ती म्हणाली. "बाकीची शांतताही ऐक. कुठेतरी असतील ते."

ओवेनने सगळं ऐकलं. कुठेच काही नव्हतं. ती रागावली त्या दिवसानंतर चित्रीकरण संपेपर्यंत बाबा रोज बाहेर गाडीत, काचा वर करून बसले होते.