चार हजार फेऱ्यांवर

उत्तरेश्वरने इंजिनावरचं झाकण काढलं. "मागं सरा वहिनी, तेल उडंल."

"उडू द्या," नीलम्मा म्हणाली.

बेंबळी रस्त्यावरच्या त्याच्या शेडमध्ये लोखंडी घोडीवर ते साठ वर्षांपूर्वीचं इंजिन बसवलेलं होतं. गाडीचा चुराडा झाला होता, इंजिन तेवढं शाबूत राहिलं. तीन महिन्यांपूर्वी कळंबच्या वाटेवर ट्रकला ओलांडताना गुरुजींची ती गाडी जोर जाऊन मध्येच ढिली पडली आणि समोरून टेम्पो आला. रेवणसिद्ध गुरुजी जागीच गेले. शेजारी बसलेली त्यांची बायको, नीलम्मा, वाचली. गुरुजींनी जाणूनबुजून टेम्पोवर गाडी घातली, असं आता भावकीत बोललं जात होतं.

"त्यांनी एक्सलेटरवरचा पाय काढला का गाडीनं दगा दिला, एवढंच बघून सांगा."

उत्तरेश्वरने इंजिन चालू केलं आणि लुकलुकणारा टायमिंगचा दिवा त्यावर धरला. त्या उजेडात वर-खाली धावणारे व्हॉल्व्ह थिजल्यासारखे जागच्या जागी दिसत होते. मिनिटाला दोन हजार फेरे. तीन हजार. इंजिन सुरळीत चाललं होतं. असंच राहू दे, असं तो मनातल्या मनात म्हणत होता.

चार हजारांवर व्हॉल्व्ह थरथरायला लागले. पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज उठला. त्याने वेगाची दांडी पुरी ओढली, तरी फेरे दाखवणारा काटा वर जाईना.

नीलम्माने खांब धरला. "ह्योच आवाज."

त्याने इंजिन बंद केलं.

"गुरुजींनी पाय काढला नव्हता. स्प्रिंगा नरम पडल्यात. वेगात व्हॉल्व्ह मिटंनात, म्हणून जोर गेला." त्याने हात फडक्याला पुसले. "नव्या कुठं मिळाल्या न्हाईत. म्याच दुसऱ्या इंजिनाच्या जुन्या घातल्या होत्या. गुरुजींना बोललो नव्हतो."

रस्त्यावरून एसटी गेली. नीलम्मा काय म्हणेल याची वाट बघत तो मान खाली घालून उभा राहिला.

"भावकीपुढं हे सांगाल?"

"सांगतो."

"मग पुन्हा चालू करा."

"आता कशाला वहिनी? कळलं की."

"हा आवाज आला तवा ते माझ्याकडं वळून कायतरी बोलले. आवाज लई होता, मला ऐकू आलं न्हाय."

उत्तरेश्वरने तिच्याकडे पाहिलं. मग इंजिन चालू केलं. तिने डोळे मिटले आणि वाकून कान जवळ आणला. काटा चार हजारांवर गेला. खडखडाट सुरू झाला. शेडचे पत्रे हलायला लागले तसा त्याने दांडीवरचा हात सैल केला.

"बंद करू नका," ती म्हणाली. "ते बोलायलेत."