बिनमुकादमाची टोळी

तातेरावला तो एक शब्द सांगायचा नाही, हे जनकाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. बाकी सगळं सांगितलं. प्यायचं पाणी कुठं ठेवलंय, भाकरी सगळ्यांनी एकत्र सोडायच्या, ज्याचं अंग दुखेल त्यानं सावलीत बसून हळदीचे गड्डे मोडायचे, आणि तरीही वाटा सगळ्यांना सारखाच. तातेराव मान खाली घालून ऐकत होता. हा माणूस एके काळी ऐकत नसे, नुसता ऐकवत असे.

वारंगा फाट्याच्या आसपास हळद शिजवायचं काम म्हटलं की तेव्हा एकच नाव, तातेराव मुकादम. जनकाबाई आणि तिचा नवरा मुंजाजी त्याच्याच टोळीत होते. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या ढोलात हळद भरायची, ढोल उकळत्या कढईत सोडायचा आणि शिजला की दांडा घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा. एका दुपारी ढोल कलला आणि कढत पाणी मुंजाजीच्या पायावर आलं. तो जिवाच्या आकांतानं ओरडला.

"आधी ढोल उतरव, मंग पाय बघू," तातेराव म्हणाला. तो ढोल उतरला, तरी त्यानं काम थांबवलं नाही. दिवस मावळेपर्यंत मुंजाजी त्याच पायावर उभा होता. पाय चिघळला. दोन बोटं कापावी लागली. आता तो काठी टेकत शेळ्या राखतो.

पुढच्या हंगामाला अर्धी टोळी जनकाबाईमागं निघून आली. मुकादमच नाही म्हटल्यावर गावोगावचे लोक हसले. बिनबैलाची गाडी म्हणाले. पण गाडी चालली, चांगली धावली. कारण तिथं एक रीत होती. जुना असो की नवा, कुणीही "थांबा" म्हणून ओरडलं की सगळ्यांनी हातातलं काम सोडायचं. का, ते मागून विचारायचं. ही रीत जनकाबाईनंच घातली होती, मुंजाजीच्या पायाकडे बघून.

आणि यंदा, इतक्या वर्षांनी, तातेराव काम मागायला आला. त्याची टोळी फुटली होती, कुणी त्याच्या हाताखाली यायला तयार नव्हतं. नव्या माणसाला घ्यायचं तर सगळ्यांनी हो म्हणायला हवं. सगळे जनकाबाईकडं बघू लागले.

"येऊ द्या," ती म्हणाली.

"केवढं मन गं बाई तुझं!" तांड्यावरची भिकाबाई म्हणाली.

मन कसलं! जनकाबाईला तो कढईपाशी हवा होता. तिथं आज ना उद्या माणूस पोळतोच. बोलायची सोय नसताना दात-ओठ आवळून पोळून घेणं काय असतं, ते त्याला कळायला हवं होतं. करावं तसं भरावं. म्हणून तर नव्याला रीतीभाती सांगायचं काम तिनं मागून घेतलं होतं आणि त्यातलं "थांबा" तेवढं गाळलं होतं. मध्ये एकदा भिकाबाईच्या डोळ्यांत धूर गेला, ती ओरडली आणि सगळे थांबले. तातेराव नेमका सरपण आणायला गेला होता. जनकाबाईला बरंच वाटलं.

आज ती मुद्दाम त्याच्या समोर दांड्याला लागली. ढोल वर आला आणि त्याच्या बाजूला कलला. भोकांतून कढत पाण्याची धार त्याच्या मनगटावर पडू लागली. तिनं ते पाहिलं. पण "थांबा" म्हणाली नाही. त्याचा चेहरा काळानिळा झाला, पण दांडा सुटला नाही. ढोल खाली ठेवून तो दुसऱ्या ढोलाकडं वळला. तेव्हा पलीकडं जाळ सारणाऱ्या, टोळीतल्या तरण्या राणीला त्याच्या हाताची सोललेली कातडी दिसली.

"थांबा!"

सगळे थांबले. कुणी पाणी आणलं, कुणी कोरफड कापली. राणी मात्र जनकाबाईकडं वळली.

"काकू, तुमी तं समोरच व्हत्या. दिसलं न्हाई?"

टोळी तिनं उभी केली होती. रीत तिची. आणि ती तिनंच मोडली होती, सगळ्यांच्या देखत.

"वाफ व्हती पोरी," तातेरावच बोलला. "त्यायला कसं दिसल? अन् त्यायनं मला समदं सांगितलं व्हतं. मीच वरडलो न्हाई."

दांड्यावर जो समोर असेल त्यानंच जखम बांधायची, हीही टोळीची रीत. दोघं लिंबाखाली बसले. जनकाबाईनं कोरफड लावली, पण दयेनं नव्हे, संतापानं.

"म्या कवा सांगितलं तुमाला? काहून खोटं बोलला?"

"तुमी न्हाई सांगितलं. पन भिकाबाई वरडली तवा मी मोळी घेऊन बांधावर उभा व्हतो. समदे थांबले, ते पाहिलं."

"म्हंजे ठावं व्हतं. मंग वरडला काहून न्हाई?"

तातेरावनं मनगट फडक्यासाठी पुढं केलं. "मुंजाजी वरडला व्हता," तो म्हणाला. "म्या कुठं काम थांबवलं?"

इतकी वर्षं जपलेला सूड त्यानं तिला न विचारताच स्वतःवर उगवून घेतला होता. वर तिची लाजही राखली होती. जनकाबाईला त्याचा पूर्वी कधी आला नव्हता एवढा राग आला. तिनं फडक्याची गाठ मारली आणि उठली.

"अजून तुझी मुकादमी जाईना व्हय रे? सजाबी तूच ठरवनार?" ती म्हणाली. "पुढल्या बारीला पोळलं की वरडायचं. चांगलं मोठ्यानं. मला ऐकायचं हाये."