खिडकी लावून विचारलेले प्रश्न

बाबांनी खिडकी लावून घेतली, कडी घातली, चहाचा कप उचलला आणि हळूच विचारलं, “ज्वालामुखीचे प्रकार किती आणि कुठले?”

भिंगरीचं बिस्कीट चहात पडलं. तिच्या अभ्यासाबद्दल बाबा आजवर एक शब्द बोलले नव्हते. लेक कितवीत आहे असं कुणी विचारलं, तरी ते आधी बायकोकडे बघायचे.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“बरं,” म्हणून बाबांनी चहा संपवला, डबा घेतला आणि कामावर गेले.

दार लागताच आईनं भिंगरीचा दंड धरला. “आलं ना लक्षात?”

“काय?”

“अगं, बाबा काम कुठे करतात?”

भिंगरीला हसू फुटलं. बाबा छापखान्यात होते. तिथल्या मोठ्या हॉलच्या मागे दोन कुलपांची एक खोली होती. शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्या खोलीत छापल्या जात आणि गेली बारा वर्षं तिथलं यंत्र बाबाच चालवत. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. त्या खोलीबद्दल त्यांनी घरात कधी ब्र काढला नव्हता.

एका जागी दहा मिनिटं टिकत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. सहामाहीत ती दोन विषयांत नापास झाली होती. “डोकं आहे, पण पुस्तक उघडेल तर शपथ,” असं वर्गशिक्षिकेनं आईला बोलावून ऐकवलं होतं. तिला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर, आणि त्या कॉलेजात ऐंशी टक्क्यांखाली कुणी अर्जही हातात घेत नाही. सहामाहीचा निकाल लागला तेव्हा गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधता बांधता ती ढसाढसा रडली होती. बाबा तेव्हा दारातच उभे होते.

त्या दिवशी तिनं ज्वालामुखी पार तोंडपाठ केले. दुसऱ्या सकाळी पुन्हा खिडकी लागली. “अपूर्णांकाच्या समीकरणात छेद आधी का घालवायचा?” तिसऱ्या सकाळी दोन प्रश्न आले. भिंगरी आता घड्याळाआधी उठू लागली. ज्या मुलीला हाका मारून आईचा घसा बसायचा, ती चहा करून बाबांची वाट बघत बसे. प्रश्न मिळाला की झडप घालावी तशी ती पुस्तकावर तुटून पडे. एवढी मजा तिला अभ्यासात कधीच आली नव्हती.

“बाबा, हे नक्की येणार?” एकदा तिनं न राहवून विचारलं.

“मला काय माहीत? मी काही म्हणालो का तसं?” बाबांनी ताकास तूर लागू दिली नाही. संध्याकाळी घरी आले की ते बराच वेळ हात घासत बसत. तरी नखांतली गुलाबी आणि हिरवी शाई काही निघत नसे.

पाच महिन्यांत प्रश्नांनी तिच्या तीन वह्या भरल्या. “आई, पेपर एवढा मोठा कसा असेल गं?” तिनं विचारलं.

“तीन-तीन संच छापतात म्हणे. ऐन वेळी त्यातला एक काढतात. ते बिचारे तिन्ही सांगताहेत,” आई डोळे पुसत म्हणाली. “नोकरी पणाला लावलीय माणसानं.”

पहिल्या पेपरात तिसराच प्रश्न ज्वालामुखीचा निघाला. भिंगरीनं हसू दाबायला पेन दातांत धरलं. घरी ती धावतच आली. आईनं दार लावून विचारलं, “किती आले?”

“सगळे.”

दोघींनी एकमेकींचे हात धरून स्वयंपाकघरात फेर धरला. प्रत्येक पेपरला हेच झालं. शेवटच्या पेपरला मात्र शेजारच्या बाकावरची मुलगी कोऱ्या कागदाकडे बघत मुसमुसत होती. भिंगरीनं मान खाली घातली आणि लिहीत राहिली.

निकाल लागला. एक्क्याण्णव टक्के. वर्गशिक्षिकेनं फोन करून आकडा दोनदा विचारून घेतला. शेजारी आले, मावशी आली, घर नुसतं गजबजलं. भिंगरीला आनंद आवरत नव्हता, पण हे गुण आपले नाहीत, ही टोचणी काही जाईना.

पाहुणे पांगल्यावर छापखान्याचे मॅनेजर मिठाईचा पुडा घेऊन आले. त्यांना बघून आईनं हातातला ट्रे घाईनं खाली ठेवला. बाबा मात्र शांतपणे खुर्ची पुढे करत होते.

“काय गं, मोठी मजल मारलीस,” मॅनेजर म्हणाले.

भिंगरी उभी राहिली. आई डोळ्यांनी नको नको म्हणत होती, पण ती थांबली नाही. “काका, हे मार्क माझे नाहीत. बाबांनी मला सगळे प्रश्न आधीच सांगितले होते. मी परीक्षा पुन्हा देईन, पण त्यांना कामावरून काढू नका.”

बाबा जमिनीकडे बघत होते. मॅनेजरनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कुठले प्रश्न, बाळ? घरातलं मूल त्या परीक्षेला असलं की त्या वर्षी मागच्या खोलीत पाऊल ठेवता येत नाही. शाळा सुरू झाली त्याच दिवशी यानं स्वतः तसं लिहून दिलं. वर्षभर पुढच्या हॉलमध्ये साबणाची वेष्टनं छापतोय हा, आणि जेवणाच्या सुट्टीत तुझ्या इयत्तेची पुस्तकं वाचत बसतो. यंदाची प्रश्नपत्रिका तुझ्या बापानं पाहिलीच असेल, तर ती तू पेपर देऊन घरी आणलीस तेव्हा.”