करून दाखवल्याशिवाय

नातीला फक्त इंग्रजी कळतं, म्हणून प्लंबर आजोबांनी सत्तरीत इंग्रजी शिकायला घेतलं. शिकवणारी त्यांची बायको, जन्मभर शाळेत मास्तरकी केलेली. रोज एक क्रियापद अर्थासकट चिठ्ठीवर लिहायची आणि ते काम जिथे करायचं, तिथेच चिकटवायची. नळावर ‘क्लोज’, खिडकीवर ‘ओपन’, इस्त्रीवर ‘प्रेस’.

“अहो, करून दाखवल्याशिवाय चिठ्ठी काढायची नाही हं!” हा तिचा दंडक.

“मास्तरीणबाई, या वयात कान पिळता होय!” आजोबा कुरकुरायचे, पण मुकाट्याने करून दाखवायचे.

ती गेली त्याला महिना झाला. मागे राहिलेल्या चिठ्ठ्याही आजोबांनी तिच्या दंडकाप्रमाणेच एकेक करून काढल्या. काल कुंडीला पाणी घातलं आणि कुंडीवरची शेवटची चिठ्ठी काढली. घर अगदी ओकंबोकं झालं.

आज सकाळी दूध आणायला निघाले, तर त्यांच्या चपला दाराबाहेर तोंड करून नीट मांडून ठेवलेल्या. एकीवर चिठ्ठी होती. अक्षर तिचंच, डिंक अजून ओला.



‘फॉलो : मागोमाग येणे.’