पाण्याची धून

मालक, तुमच्या मुलाच्या लग्नात वाजवायला बस्त्याव फिडलवाला आला नाही, कारण त्यानं आधीच कोळ्यांच्या लग्नाला शब्द दिला होता. तेवढ्यावरून तुम्ही त्याचा उजवा हात मनगटापासून तोडवलात. तोडलेला हातही तुमची माणसं घेऊन गेली. सगळं पापडी गाव गप्प बसलं.

आता त्याच्या धाकटीचं लग्न आलं. नवरीसाठी विहिरीवरून पाणी आणताना वाजते ती धून थोरली मॅग्डलीन गिटारवर शिकत होती. बापाशिवाय ती कुणाला येतच नव्हती.

"बाय, सूर लांबव की गं!"

"कसा लांबवू, बाबा? तार छेडली की मरतो तो. गिटारला फिडलसारखा गज कुठंय?"

तिनं पुन्हा तार छेडली. सूर मेला नाही. गज ओढावा तसा लांबतच गेला. तिनं तारांवर तळवा दाबला, तरी धून पुढे चालली. तिला न शिकवलेली.

बस्त्याव रिकाम्या बाहीकडे बघत राहिला. "हा तर माझा गज," तो पुटपुटला.

आवाज आता गिटारमधून नाही, तुमच्या वाडीतून येत होता. मॅग्डलीन धावत गेली. भर दुपारी तुमची सून डोक्यावर कळशी घेऊन, धून जिथून येत होती त्या बावखलाच्या तळ्यात उतरत होती. पाणी गळ्याला लागलं, तरी हाकेला वळेना.

तो हात तुम्ही कुठं टाकलात? आता तरी बोला!