फ्रेंच खलाशांचं तर्पण

१९६० साली, महाराष्ट्र झाला त्या श्रावणात, मधुसूदनला घरातून जाऊन बारा वर्षं पुरी झाली.

बद्रीनाथ गुरुजी त्याच्या घरी, गुलमंडीतल्या माडीवर पंचांग घेऊन बसले होते. "आता थांबता येत नाही, वहिनी," ते मधुसूदनच्या आईला, दमयंतीबाईंना म्हणाले. "बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा. जीव मोकळा होतो."

मधुसूदनची बायको मीनाक्षी दाराआडून ऐकत होती. पुतळा जळाला की तिचं कुंकू पुसलं जाणार होतं. पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या धामधुमीत, नवरा लढ्यासाठी सरहद्दीवरच्या कँपात जातो म्हणून गेला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

ती बाहेर आली. "पुतळा करायचा नाही."

"माझं लेकरू तिकडं पाण्यावाचून तडफडतंय, आन् तुला कुंकवाचं पडलंय?"

"ते गेलेले नाहीत, आई."

"कशावरून?"

मीनाक्षी गुरुजींची रिकामी कपबशी उचलू लागली.

"गेल्या आठ-नऊ वर्षांत कधी उंबऱ्यात उभी राहिली नाहीस," सासूबाई म्हणाल्या. "टपालवाल्याला एकदा विचारलं नाहीस. वाट बघणारी बाई अशी असती व्हय?"

त्यांचा मोठा मुलगा अनंतराव कोपऱ्यात वह्या तपासत होता. हायस्कुलात तो भूगोल शिकवायचा. दर सर्वपित्री अमावास्येला तो खाम नदीवर जाऊन दोन फ्रेंच गलबतांवरच्या खलाशांना पाणी द्यायचा. १७८८ साली ती गलबतं पॅसिफिक महासागरात नाहीशी झाली होती. सव्वादोनशे माणसं, घरापासून अर्ध्या जगापलीकडं. त्यांचं कोण करणार, असं तो म्हणायचा. गावात त्याचं नाव फ्रेंच मास्तर पडलं होतं.

"गुरुजी, त्या गलबतांचा ठाव लागायला चाळीस वर्षं लागली," तो वहीतून मान वर न करता म्हणाला. "आपली बाराच झालीत."

"तुमची गलबतं राहू द्या, मास्तर! पाण्यात बुडालेल्यांना आणखी पाणी पाजता तुम्ही."

"पाजतो. पण पुतळ्याला अग्नी मी द्यायचा ना? मी देणार नाही."

गुरुजींनी पंचांग मिटलं. दमयंतीबाईंनी त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं. जेवणही निम्म्यावर आलं.

महिन्याभरानं अमावास्या आली. अनंतराव पंचा विसरून गेला, म्हणून मीनाक्षी तो घेऊन नदीवर गेली. तो पाठमोरा, गुडघाभर पाण्यात उभा होता. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात. खलाशांना तो काश्यप म्हणूनच पाणी देत होता. मग त्याचा आवाज खाली आला. घरचं गोत्र ऐकू आलं, भारद्वाज. पाठोपाठ मधुसूदनचं नाव. तीन वेळा.

वळला तेव्हा ती समोर होती.

"कधीपासून, भावजी?"

"अकरा वर्षं झाली." त्याला तिच्याकडं बघवेना. "जिवंत माणूस इतका गप्प राहत नाही गं. पण तुझं कुंकू मला पुसवेना. म्हणून त्यांच्या आडून देत आलो."

"मग खलाशी नुसते नावाला?"

"आधी होते. आता त्यांचंही सोडवत नाही."

मीनाक्षीच्या ओठांशी काहीतरी आलं. तिनं पंचा पुढं केला. "पाणी गार आहे. बाहेर या."

घरी येऊन तिनं स्वतःच सासूबाईंना सांगितलं, की भावजी खलाशांबरोबर मधुसूदनलाही दरसाल पाणी देतात. म्हातारी खूप रडली. मग तिनं सुनेचा हात ओढून तिला शेजारी जेवायला बसवलं. "लाव बाई कुंकू," म्हणाली. "माझं लेकरू तहानलेलं नाही, बास झालं."

दमयंतीबाई चार वर्षांनी झोपेतच गेल्या. गुरुजींचा नातू पुढं वाळूजला कारखान्यात लागला. अनंतराव १९७६ पर्यंत नदीवर जात होता. त्या साली पौषात हृदयविकारानं गेला. मीनाक्षी मुलींना शिवण शिकवायची. गारखेड्यात तिनं दोन खोल्या घेतल्या.

१९८३ साली जुन्या पत्त्यावरून फिरून तिथं नागपूरहून अनोळखी अक्षरातलं पत्र आलं. ते वाचून तिनं आरशासमोर स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं. नागपूरचं तिला आलेलं हे दुसरं पत्र. पहिलं १९५१ सालचं, मधुसूदनच्या अक्षरातलं: 'इथं संसार मांडला आहे. घरी मी गेलो असंच राहू दे.'