चांदीचा कीस

हुसेननं दुरुस्तीची गिटार कोल्हापूरच्या दुकानातून हुपरीला घरी आणली, दुपट्यातल्या बाळागत जपून. बायको नुजहत चांदीची पैंजणं घासत होती. तिच्या कपाळावर आठी पडली. “कुणाची?” “निशिगंधा मॅडमची. पहिल्यांदाच आल्यात. गळ्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्या काढल्या, पर खाचांत गोंद वाळून दगड झालाय. तुझी बारीक करवत दे की.” “आणा हिकडं, मीच काढते.” “अगं, राहू दे...” तोवर करवत खाचेत शिरलीसुद्धा. गोंदाचा भुगा मांडीवर सांडला आणि उन्हात चमकला. नुजहत केरातला चांदीचा कीसही डबीत जपायची. गेल्या ईदला तो कमी भरला, तेव्हा सासूशी भांडली होती. तोच कीस इथं, हुसेनच्या हातच्या जुन्या गोंदात कालवलेला! “पहिल्यांदाच आल्यात न्हवं?” “व्हय की.” नुजहतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाच साफ झाली, तरी करवत चालूच. “बास! लाकूड लागलं!” “लागू दे की.”